गार ठेवलेली चोरी

१

खोकं फ्रिजमध्ये जागेवर होतं. वर चेतनाचं नाव होतं, आत सूचनांचा कागदही नीट घडी घालून ठेवलेला होता. नव्हती ती फक्त इंजेक्शनं. दोन होती, जाड पेनासारखी, शनिवारी सुरतेहून आलेली. सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या सिस्टरने हात धुऊन खोकं उघडलं, उलटं करून हलवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, चष्मा लावा आन् तुम्ही बी देखा."

मी चष्मा लावून पाहिलं. रिकामं खोकं चष्म्यातूनही रिकामंच दिसलं.

सिस्टर म्हणजे माझी बायको, शीला. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली अठरा वर्षं लसींच्या फ्रिजवर. सगळं नंदुरबार तिला सिस्टर म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मी नथ्थू, रेल्वेत पार्सल क्लार्क होतो. निवृत्तीनंतर मला बढती मिळाली, आता मी सिस्टरचा ड्रायव्हर आहे. ती गल्लोगल्ली सुया टोचत फिरते आणि मी स्कूटरवर तिची पिशवी सांभाळतो.

चेतना आमच्या मागच्या गल्लीतली. वय एकोणतीस. पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. तिच्या हातचं ब्लाऊज एकदा घातलेली बाई दुसऱ्या शिंप्याकडे जात नसे. दीड वर्षापूर्वी तिची बोटं सुजायला लागली, संधिवात निघाला, आणि गेले सात महिने तिला कैची धरता आली नव्हती. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. या इंजेक्शनावर तिची सगळी आशा होती.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "मी कालदिन कैचीले तेल दिधं."

 सिस्टर परत फ्रिजकडे वळली. वरचा बर्फाचा कप्पा उघडून तिने आत हात फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "शनवारी औषधसंगे एक निळी बर्फनी पिशवी उनी व्हती. ती बी नही."

२

आता औषध चोरणारा बर्फाची पिशवी कशाला नेईल, हा प्रश्न मला पडला. सिस्टरला तो पडत नाही, तिला उत्तरच पडतं.

"चोरले औषध वाया जाऊ द्यानं नही," अंगणात येऊन ती मला म्हणाली. "ते गार ऱ्हावाले पाहिजे. विकनारा बी गार ठेवी, पन दुस्मन नही ठेवनार. म्हनजे दुस्मनी नही, हाई पक्कं."

शनिवारी इंजेक्शनं आली तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. औषधाच्या दुकानातला आकिब ती घेऊन आला होता. चेतना, तिचा नवरा नवनीत, सासू दगूबाई आणि दुकानातली मदतनीस शोभाबाई एवढे सगळे भोवती जमले होते. सिस्टरने तेव्हा नेहमीचं प्रवचन दिलं. औषध गार ठेवा, पण गोठवू नका. बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये फडकं ठेवा.

मग नवनीतने विचारलं होतं की हे औषध करतं तरी काय. सिस्टरने सांगितलं की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातला टीएनएफ नावाचा एक निरोप्या चेतनाच्या सांध्यांत दारोदार जाऊन 'आग लागली' म्हणून ओरडत सुटलाय, आग नसताना. दार उघडलं की पेशी धावाधाव करतात, म्हणून सूज. हे औषध त्या निरोप्याला वाटेतच धरतं, दारापर्यंत पोचू देत नाही.

"आन् खरंच आग लागनी ते?" दगूबाईंनी तेव्हा विचारलं होतं. सिस्टर म्हणाली होती, म्हणून तर सुरतेच्या डॉक्टरांनी आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. विषय तिथेच संपला होता.

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. घर दिवसभर उघडं, दुकानात बायकांची ये-जा, पण स्वयंपाकघरात जाणारे चारच. सिस्टरने पदर खोचला. मी समजलो, आज जेवायला उशीर होणार.

३

पहिली शोभाबाई. ती काज-बटणं करायची. चेतनाचे हात गेल्यापासून कापड कापायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"सिस्टर, खोटं काय बोलू," ती सरळ म्हणाली. "ताईना हात बरा व्हयना ते कैची तिन्हाकडे जाई, आन् मी परत काज-बटनवर. मन्हा मनमा हाई उनं व्हतं. पन तिन्हा हात देखीसन माले रडू येस. मी नही लिधं."

मला ती आवडली. चोर इतकं खरं बोलत नाही, असं मी सिस्टरला म्हटलं. ती म्हणाली, हुशार चोर बोलतो.

दुसरा नवनीत. पंचायत समितीत नोकरी, स्वभावाने गरीब, पण मोबाईलवर जे येईल ते वाचणारा. "मी वाचं व्हतं, हाई औषध आंगनी ताकद कमी करस," तो म्हणाला. "शुक्रवारले मी डॉक्टरले फोन करा. त्यानी समजाडं. सिस्टर, माले बाकी काही नको, तिन्हा हातमा कप धराले पाहिजे." बोलताना त्याचे डोळे भरले.

तिसरा आकिब. दुकान शेजारच्याच घराच्या पुढच्या अंगाला, आई रशिदाबी मागे राहते. गेल्याच आठवड्यात त्याने चेतनाला विचारलं होतं की दुसऱ्या एका पेशंटचं हेच इंजेक्शन सुरतेला अडकलंय, तुझं आलं की एक उसनं देशील का. चेतनाने नाही म्हटलं होतं.

"चाचा, मी इचारं व्हतं, चोरी नही करी," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "आन् त्या पेशंटनं औषध कालच आलं. पावती बघा." पावती होती.

चौथ्या दगूबाई. घरामागे त्यांची छोटीशी पथारी आहे, मिरच्या वाळवायची मोकळी जागा. तिथे लाल मिरच्यांचा गालिचा पसरलेला आणि एका कोपऱ्यात दगूबाई भिंतीकडे तोंड करून एकट्या जेवत होत्या. वेगळं ताट, वेगळा तांब्या. चेतनाचे हात बरे होईपर्यंत पंगतीत जेवायचं नाही आणि ओसरीवरच निजायचं, असा नवस त्यांनी दिवाळीनंतर बोलला होता. सुनेसाठी असा नवस बोलणारी सासू म्हणून साऱ्या गल्लीत त्यांचं नाव झालं होतं. माझ्या मनातही त्यांच्याबद्दल आदर होता.

"जिजी, तुम्ही फ्रिज उघडा व्हता का?" सिस्टरने विचारलं. घरात त्यांना जिजी म्हणतात, म्हणून आम्हीही.

"मन्हा नवस शे, सिस्टर. गार-शिळं मी खात नही. फ्रिजना काय काम माले?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. "मिरची," त्या म्हणाल्या.

मिरचीच होती. मीही खोकलो, सिस्टरही खोकली. हंगामात नंदुरबारला कोण खोकत नाही?

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "जिजी, खांडबाऱ्याच्या बहिणीने या खेपेला तरी पोटभर वाढलं का?" त्याचं असं, की मी रोज स्टेशनवर जुन्या मित्रांबरोबर चहाला जातो. आठवड्यापूर्वी दुपारच्या गाडीतून जिजी उतरल्या आणि फलाटावर उभ्याउभ्या भजी खाऊ लागल्या, इतकी भूक लागलेली. महिन्याआधीही तेच. बहीण कंजूष दिसते, म्हणून मी चिडवलं होतं.

जिजी हसल्या नाहीत. सिस्टर मात्र माझ्याकडे बघायला लागली.

४

"गल्लीमा इन्व्हर्टरवरना फ्रिज कोनकडे शे?" बाहेर आल्यावर सिस्टरने विचारलं.

"आकिबकडे. एक दुकानात, एक घरात."

"चला घरमा."

रशिदाबींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. सिस्टरने सरळ विचारलं की कोणी काही गार ठेवायला दिलंय का. रशिदाबींचा चेहरा बदलला.

"एक डबा शे," त्या म्हणाल्या. "उघडू नको, कोनले सांगू नको, म्हने. मी जबान देयेल शे. अमानत शे, सिस्टर. नाव मी नही सांगनार."

"नाव नको सांगू, रशिदा. फक्त डबा उघडू दे. काय शे ते देखसू आन् तठेच ठेवसू."

रशिदाबी उठल्या आणि फ्रिजमधून डबा घेऊन आल्या. स्टीलचा उभा डबा. तळाला निळी बर्फाची पिशवी, तिच्यावर पांढऱ्या मऊ कापडाच्या चार घड्या, आणि त्यावर ती दोन इंजेक्शनं आडवी, झोपवल्यासारखी.

त्याच क्षणी आकिब आत आला. त्याने डबा पाहिला आणि दारातच थिजला. "अम्मी," तो म्हणाला, "ये अपने घर में?"

आता गल्ली काय म्हणेल, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला दिसलं. औषध विकणाऱ्याच्याच घरात चोरीचं औषध. मलाही क्षणभर शंका आली, लपवत नाही.

५

"बस, आकिब," सिस्टर म्हणाली. "तुन्हं काम नही हाई. तुन्हाकडे औषधना थर्माकोलना डबा शे, दुकानना फ्रिज शे. तू फडकं कसाले गुंडाळशी? हाई त्या मानूसनं काम शे, जेनी शनवारी मन्हं बोलनं ध्यान दिसन ऐकं."

तिने इंजेक्शनांखालचं फडकं काढून दुसरं घातलं आणि डबा परत फ्रिजमध्ये ठेवला. काढलेलं फडकं तिने खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा. धुतलेला, तरी त्यावर ठिकठिकाणी फिकट केशरी डाग.

"मिरचीचे," मी म्हणालो.

"हुंगा."

मी हुंगलं. साबणाचा वास आला.

"ठसका लागना का?"

नाही लागला. मी चाळीस वर्षं या गावात मिरचीची पोती चढवली-उतरवली आहेत. मिरचीचं कापड दोनदा धुतलं तरी नाकाला झोंबतं. हे झोंबलं नाही.

घरी येताना सिस्टर स्कूटरवर माझ्यामागे बसून एकेक विचारत गेली. "अहो, जिजीले खोकला कव्हय लागना?"

"मिरची आली तेव्हा."

"आठवा."

मला आठवलं, मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिला सांगितलं. पोळ्याला जिजी आमच्या दारी पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या. खोकून खोकून त्यांना बसावं लागलं होतं, आणि 'मिरची' म्हणूनच त्या हसल्या होत्या. पोळ्याला पथारी रिकामी असते. मिरची त्यानंतर दीड महिन्याने येते. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि पाणी देऊन सोडून दिलं. नर्सनेसुद्धा.

"मीनी बी," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो स्वतःवर होता. "आन् बहीनना घर जाईसन उपाशी परत येनारी बाई तुम्ही आपला खान्देशमा देखी का? बहीन जेवू घालाशिवाय सोडी का? ती बहीनकडे जातच नही."

"मग कुठे जाते?"

"खांडबारामा सरकारी दवाखाना शे. महिनानी महिना गोळ्या भेटतस. त्या गोळ्या खाधा ते घाम, लघवी, डोळाना पानी, बठ्ठं केशरी व्हस."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला जिजींचं ते वेगळं ताट आठवलं.

६

दुपारी जिजी पथारीवर एकट्याच होत्या. सिस्टर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मी मिरच्या परतण्याचं निमित्त करून जरा लांब उभा राहिलो.

"जिजी, टीबीन्या गोळ्या सुरू व्हईसन कितला महिना व्हयनात?"

जिजींनी मान वर केली नाही. हातातल्या मिरचीचा देठ खुडला, दुसरी घेतली. तिचाही खुडला. मग म्हणाल्या, "दोन महिना वर आठ दिन."

नंतर त्या बोलत राहिल्या.

"मन्हा माहेरले, कळसाडीमा, मन्ही मावशीले हाऊच रोग व्हता. तिले गोठामा ठेयेल व्हतं. ताट न्यारं, लोटा न्यारा. ती मरनी तव्हय ते ताट बी नदीमा फेकी दिधं. मी आठ वरीसनी व्हती, सिस्टर. ते ताट माले आजूनबी दिखस." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आषाढमा सुरतना डॉक्टरनी इचारं, घरमा कोनले टीबी शे का. तव्हय नही व्हता. मी खोटं नही बोलनी. तो म्हने, हाई औषध सुरू करानं आगोदर घरमा कोनले टीबी निंघना ते माले सांगा, नहीते पोरीना जीव जाई. मंग कागदपत्रमा पाच महिना गयात. औषध शनवारी उनं. सांगू ते मन्हं ताट न्यारं व्हई. नही सांगू ते वहूना जीव. मंग मी औषधच काढी लिधं. फेकाले हात नही उठना. तिन्हा हात बरा व्हनार शेत ना त्यानावर."

सिस्टरने मला नंतर नीट समजावलं. तो टीएनएफ निरोप्या नुसता खोटा ओरडा करत नाही. टीबीचे जंतू कित्येकांच्या छातीत झोपलेले असतात, आणि त्यांच्याभोवती पेशींचा पहारा उभा ठेवण्याचं काम हाच निरोप्या करतो. औषधाने त्याला धरलं की पहारेकरी पांगतात आणि जंतू जागे होतात. चेतना पोळ्यापासून दिवाळीपर्यंत जिजींच्या शेजारी झोपत होती, जेवत होती. तिची तपासणी त्याआधीची. त्या सोमवारी सुई टोचली असती तर काय झालं असतं, हे सिस्टरने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुई तिच्याच हातची असती.

"जिजी," सिस्टर शेवटी म्हणाली, "ताट न्यारं कराले कोनी पाहिजेच कसाले? ते तुम्ही सोताच करी टाकं."

तेव्हा जिजी रडल्या. पदराच्या पांढऱ्या काठावर डोळ्यांचं पाणी उतरलं आणि तिथे फिकट केशरी डाग उमटला.

मागे काहीतरी खडखडलं. वळून पाहिलं तर चेतना दारात उभी होती. किती वेळची, देव जाणे.

७

मला वाटलं, आता रडारड होईल.  चेतना मात्र कोपऱ्यात गेली आणि जिजींचं ते वेगळं ताट उचलू लागली. बोटांनी धरवेना, म्हणून दोन्ही मनगटांत पकडून तिने ते उचललं, आत नेलं आणि घरातल्या ताटांच्या चळतीत मधोमध ठेवलं.

"आते शोध कोनतं तुन्हं," ती म्हणाली.

सिस्टरने मग सगळ्यांना बसवून सांगितलं की टीबी ताटाने पसरत नाही, खोकल्याने पसरतो, आणि गोळ्या नीट चालू असतील तर काही आठवड्यांत तेही थांबतं. नवनीतने ते मोबाईलवर पडताळून पाहिलं. बरोबर निघालं म्हणून तो खूश झाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. चेतनाच्या छातीत जंतू होते, पण गाढ झोपलेले. डॉक्टरांनी आधी त्यांच्यावर गोळ्या दिल्या आणि महिनाभर थांबून मग इंजेक्शन घ्या म्हणाले.

महिन्याने सिस्टर डबा आणायला रशिदाबींकडे गेली, तर रशिदाबींनी दिला नाही.

"जेनी दिधा, तिन्हाच हातमा देसू," त्या म्हणाल्या. "अमानत शे."

सिस्टरला कोणी असं परत पाठवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला त्यात आनंद झाला हे कबूल करतो. शेवटी जिजी स्वतः गेल्या. भर सकाळी, गल्लीतल्या बायका पाणी भरत असताना, स्टीलचा डबा दोन्ही हातांत धरून त्या रशिदाबींच्या दारातून निघाल्या. कोणीतरी विचारलं, जिजी काय आणलं? "वहूनं औषध," त्या म्हणाल्या. "मन्हा टीबीमुळे थांबेल व्हतं." सांगून टाकलं आणि चालत्या झाल्या. एका बाईने घागर खाली ठेवून त्यांना आधी वाट करून दिली. सिस्टरने चेतनाच्या मांडीत सुई दिली तेव्हा जिजी तिचा हात धरून बसल्या होत्या.

होळीच्या आदल्या आठवड्यात आम्हाला दुकानात बोलावणं आलं. टेबलावर पांढरं कापड पसरलेलं. शोभाबाईने एक नवी कैची घेतली होती, कारण आता कापणाऱ्या दोघी होत्या. चेतनाने आपली जुनी, तेल दिलेली कैची उचलली. अंगठा आत गेला. मग बोटं गेली, सावकाश. तिने जिजींच्या पातळाला लागणारं ब्लाऊज कापायला घेतलं आणि कैची कापडातून सरळ चालत गेली. नवनीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला आम्हाला डोळे दाखवायचे नव्हते. मला मात्र माझे लपवायची आठवणच राहिली नाही.

तेवढ्यात मागच्या पथारीवरून वारा आला आणि जिजी खोकल्या. चेतनाची कैची थांबली. आम्ही सगळेच वळून त्यांच्याकडे बघायला लागलो.

जिजींनी एकेकाकडे पाहिलं आणि पदराने नाक पुसलं.

"आते खरंच मिरची शे," त्या म्हणाल्या. मग आम्ही सगळेच खोकलो.